रमाबाई आणि दुष्काळातल्या मुली

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की गप्पा बहुधा त्यांच्या धर्मांतरावरच अडतात. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे खरंच. पण त्याआधी काय घडलं?

लंडनमध्ये फुलहॅम इथे समाजानं टाकून दिलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या सिस्टर्स त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. म्हणजे माया आधी दिसली, धर्म मागाहून पटला.

तरीही १८८९ साली मुंबईत काढलेलं त्यांचं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीच होतं. ते कुंपण मोडलं १८९६-९७च्या दुष्काळानं. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथे रस्त्यावर पडलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुलींत त्यांना स्वतःचंच तरुणपण दिसलं असणार. त्यांचेही आईवडील दुष्काळातच गेले होते, आणि उच्चकुळाच्या अभिमानापायी त्या कुटुंबाला ना मजुरी करवली, ना भीक मागवली. रमाबाईंनी शेकडो मुली केडगावला आणल्या. मुक्ती सदनाच्या दारात जात विचारली गेली नाही.

भुकेल्याच्या रूपात प्रभूच दाराशी येतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. मी ख्रिस्ती नाही. पण मला यातून एवढं कळतं, की त्या मुलींनी रमाबाईंचा धर्म मोठा केला. उपकार एकाच बाजूनं झाले नाहीत. तुम्हाला काय वाटतं?