उतारावरील घर आणि त्याचे जोते : कोकणातील गृहरचनेचा एक ऐतिहासिक विचार

कोकणातील घराचा इतिहास बहुधा लाकडाच्या अंगाने सांगितला जातो. खांब, तुळया, माडी यांचे वर्णन सविस्तर येते. जोते मात्र एखाद्या ओळीत उरकले जाते. प्रस्तुत लेखात जोत्याकडून घराकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. त्यामुळे डोंगरउतारावर घर घालताना पहिला प्रश्न पाण्याचाच असतो.

त्याचे उत्तर जांभ्याने दिले. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात मलबारातील या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले आणि खाणीत मऊ असलेला हा दगड हवेत कठीण होतो, हे नोंदविले. कोकणच्या गवंड्याला ते अर्थातच त्याआधी ठाऊक होते. डोंगर फारसा न कापता घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवली जाई. साहजिकच जोते मागे पायरीभर, तर पुढे कमरेइतके उंच होई. ओटी-पडवी खाली आणि माजघर पायरीभर वर, ही रचनाही उताराशी जुळणारी होती. मागील बाजूस चर खणून डोंगराचे पाणी व्हाळाकडे वळवीत. चुन्याविना रचलेला गडगा माती अडवी, पाणी मात्र फटींतून झिरपू देई. अर्थात चिऱ्याचे जोते ऐपतदारांचे. गरिबाच्या वाट्याला मातीचेच जोते येई, हे विसरता येत नाही.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढे मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या पैशांवर अनेक गवती छपरांच्या जागी कौले आली. छप्पर बदलले, तरी जोत्याची रीत टिकून राहिली. ती मोडली यंत्राने. आज उतार उभा कापून सपाट जागा केली जाते, गडग्याऐवजी सिमेंटची भिंत येते व तीत पाण्याला वाट ठेवण्याचे अनेकदा राहून जाते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीचे खापर केवळ घरबांधणीवर फोडणे गैर ठरेल. अतिवृष्टी व भूरचना ही कारणे मोठी आहेत. तथापि घरामागचा चर बुजविला की पाणी कोठे मुरते, हा प्रश्न आता स्थापत्याच्या अभ्यासकांइतकाच ग्रामपंचायतींचाही आहे.