चेऊलकर, दिवेकर आणि मशीद बंदर

मध्य रेल्वेवरच्या मशीद स्थानकाचं नाव एखाद्या मुसलमानी मशिदीवरून पडलं असावं, असाच बहुतेकांचा समज असतो. खरं तर ही मशीद ज्यूंची. कोकणातले बेने इस्रायली आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत आणि मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालय 1796 साली याच भागात उभं राहिलं. ते बांधणारे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल, घरच्या बोलीत सामाजी हसाजी दिवेकर.

या तीन शब्दांत एका घराण्याचा केवढा तरी प्रवास आहे! सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, इसाकचा इसाजी. बायबलातली नावं कोकणी जिभेवर रुळली आणि त्यांना शेजारच्या मराठा-कुणब्यांसारखा ‘जी’ लागला. राहिलं दिवेकर. ते गावाचं नाव.

हा समाज कोकणपट्टीच्या खेड्यापाड्यांत विखुरलेला होता. घरात तेलाचा घाणा, शनिवारी मात्र काम बंद; म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरजच काय? ती गरज पडते वेस ओलांडल्यावर. पलटणीत, कचेरीत, मुंबईच्या चाळीत ‘तुम्ही कुठले?’ असं कुणी विचारलं की जे उत्तर यायचं, तेच आडनाव होऊन बसलं. पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहीमकर, झिराडकर, राजपूरकर अशी शंभरावर आडनावं या छोट्याशा समाजात आहेत.

वंशवेल शोधणाऱ्यानं इथे जपून पाऊल टाकावं. दिवेकर चित्पावनांतही आहेत. ‘कर’ गाव सांगतो. जात, धर्म किंवा रक्ताचं नातं सांगत नाही. आडनाव हाती लागलं म्हणजे पत्ता मिळाला, माणसं अजून शोधायचीच असतात.

त्यातून इंग्रजी अमदानीत बापाचं नावच आडनावाच्या जागी जाऊन बसलं आणि गाव मागे पडलं. महालक्ष्मी-वरळीचा ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते 1937 साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस मूळचे राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर राजपूर नाही. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा आठवतो? पडद्यावर नुसतं ‘डेव्हिड’ एवढंच नाव लावणाऱ्या त्या प्रेमळ नटाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे रेवदंड्याच्या शेजारचं चौल. कामा हॉस्पिटलच्या प्रमुखपदी राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात ‘कर’ नाही, पण अलिबाग तालुक्यातलं झिराड जसंच्या तसं आहे.

केहीमकरांपैकी हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला लेखकाच्या पश्चात, 1937 साली, तोही तेल अवीवमध्ये. पुढे 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिथेही मालिदा या धार्मिक विधीच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं असतं आणि दारावरच्या पाटीवर पेण नाहीतर रोहे.

तिकडची मंडळी कोकणात आली की अलिबागची इस्रायल आळी पाहतात, मग नवगावला जातात. पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं परंपरा सांगते. बुडालेल्यांना जिथे पुरलं असं मानतात, तिथे मातीचे दोन उंचवटे आहेत. त्यांच्यावर कुणाचंही नाव नाही. ही माणसं आडनावं पडण्यापूर्वीची.