निरुपयोगी म्हणून नोंदलेली चूल

राज्य शासनाच्या सेवेत असताना मी किती पंचनामे केले, याचा हिशेब आज देता येणार नाही. त्यांपैकी बहुतेक विस्मरणात गेले. एक मात्र निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडीत नाही.

महसूल खात्यात नवा असतानाची गोष्ट. किनाऱ्यालगतच्या एका खाडीत एक बेवारशी वहाण चिखलात रुतून पडले होते. 'वहाण' म्हटले की आपल्या मराठी कानाला पायातील जोडा आठवतो. गुजरातीत मात्र वहाण म्हणजे गलबत. त्यावरील वस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. डोलकाठीचा तुकडा, कुजलेले दोर, एक फुटके पिंप अशी नोंद करीत मी मागच्या बाजूस आलो. तेथे गुडघ्याएवढ्या उंचीची एक लाकडी पेटी होती. आत माती लिंपलेली, कडा काळवंडलेल्या. मी लिहिले : 'लाकडी पेटी, मातीने भरलेली, निरुपयोगी, नग १.' पुढे सारेच लाकूड भंगारात गेले. आठवड्याने भेटलेला एक वृद्ध खारवा शांतपणे म्हणाला, "साहेब, ए तो अमारो चूलो हतो." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

सुरतेसारख्या बंदराच्या गावी जन्मून, शाळेत या बंदराचा इतिहास पाठ करूनही गलबतावरची चूल मला ओळखता आली नाही. वखारी, लुटी, तह आणि सनावळ्या आपण वाचतो. परंतु जहाजावरील माणूस जेवत कसा होता, पाणी कोठून पीत होता, हे विचारत नाही. प्रस्तुत लेख हे त्या चुकलेल्या नोंदीचे अल्पसे परिमार्जन समजावे.

समुद्रावर राहण्याच्या साधनांत पहिले स्थान पाण्याच्या भांड्याचे. याचा सुंदर पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगविलेले आहे. शिडे आणि डोलकाठ्या पाहून आपण पुढे सरकतो. पण त्या चित्रकाराने जहाजावर रांजणांची ओळ आवर्जून काढली आहे. तो माल असेल किंवा पिण्याचे पाणी. पण भांड्यांवाचून जहाज पुरे होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

हजार वर्षांनंतर, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त जहाजावरील माणसांची वर्गवारी दिली. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल आणि सारंग यांच्या पंक्तीत तेथे 'भंडारी' आहे, म्हणजे कोठाराचा रक्षक. आणखी एक पद आहे, 'नाखुदा-खशब'. प्रवाशांना सरपण व गवत पुरविणे आणि माल चढविण्या-उतरविण्यास हातभार लावणे हे त्याचे काम. केवळ सरपणाची चिंता वाहण्यासाठी स्वतंत्र हुद्दा असावा, याचे नवल वाटते. परंतु विचार केला की ध्यानात येते, भर समुद्रात झाड नसते. लाकडे संपली की कोठारातील तांदूळ असून नसल्यासारखे. पुढे इंग्रजी बोटींवरील खलाशांच्या बोलीत 'भंडारी' हा शब्द सरळ स्वयंपाक्यासाठीच रूढ झाला. कोठारावरून चुलीपर्यंतचा हा शब्दाचा प्रवास मोठा स्वाभाविक आहे.

सुरत ही तेव्हा मक्केची वाट. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली येथूनच हजला निघाली. यात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेली मुघलसराय आज आपल्या महानगरपालिकेची कचेरी आहे. घरपट्टी भरण्यास गेलेल्या किती जणांना तेथे एके काळी समुद्रप्रवासाचा शिधा बांधला जात असेल असे वाटते? नानपुऱ्याजवळील मक्काई पुलाचे नावही त्याच वाटेची आठवण. १६९५ साली हेन्री एव्हरी या चाच्याने लुटलेले 'गंज-ई-सवाई' हे याच वाटेवरून परतणारे जहाज. त्यावरील सोन्यारुप्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र ती शेकडो माणसे, त्यांना लागणारे रोजचे पाणी आणि पेटत्या ठेवाव्या लागणाऱ्या चुली दिसतात.

मोठी जहाजे तापीच्या गाळामुळे शहरापर्यंत येत नसत. १६०८ साली आलेल्या इंग्रजांच्या 'हेक्टर' जहाजालाही नदीच्या मुखाबाहेरच थांबावे लागले आणि पुढे सुंवाळीचा नांगरतळ प्रसिद्धीस आला. माल व माणसे होड्यांनी ये-जा करीत, आणि पाणीही होड्यांनीच जहाजावर चढे. युरोपीय जहाजांवर ते लाकडी पिंपांत भरीत. महिन्या-दोन महिन्यांत त्या पाण्याला वास येई, रंग बदले. लोखंडी टाक्यांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, तेव्हा कोठे हा त्रास कमी झाला.

आता मोठ्या जहाजांवरून आपल्या लहान गलबतांकडे वळू. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घराण्याचा संबंध त्यांच्याशी आहे. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. त्यापूर्वी रत्नागिरी, राजापूर, वेंगुर्ल्याकडून नोकरी-व्यवसायासाठी येणाऱ्या कुटुंबांना दोनच मार्ग होते : घाट चढून बैलगाडीने यावे, किंवा पडावात बसावे. रत्नागिरी ते सुरत हे अंतर समुद्राने सुमारे अडीचशे सागरी मैल. नकाशावर ते थोडे वाटते. परंतु पावसाळा संपून नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला झाला, की दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तरेस निघालेल्या गलबताच्या जवळजवळ तोंडावर. म्हणून तांडेल रात्री व पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर पुढे सरके आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर तिरके-तिरके जाई, अथवा एखाद्या खाडीत नांगर टाकी. खंभातच्या आखाताजवळ भरती-ओहोटीचा जोर प्रचंड. तेथे तर पाण्याच्या वेळेशिवाय पाऊल टाकता येत नसे. प्रवासाला पाच दिवस लागतील की पंधरा, हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि या अनिश्चिततेतूनच गलबतावरील प्रत्येक वस्तूचे रूप ठरले.

त्या वृद्ध खारव्याकडे नंतर मी अनेकदा गेलो. त्याने जे समजावले त्याचा सारांश असा. चुलीची पेटी जाड लाकडाची. आत वाळू व माती थापायची, म्हणजे आच लाकडापर्यंत पोहोचत नाही. तीन बाजूंना उंच कड, चौथी उघडी. आणि उघडी बाजू वाऱ्याच्या उलट दिशेस. पेटी दोराने घट्ट बांधायची, पण अशी की प्रसंग पडल्यास दोर तोडून ती समुद्रात लोटता यावी. लाकडी गलबतावर डांबर, काथ्याचे दोर, सुती शीड, सारे जळाऊच. तेव्हा चूल हा जेवढा आधार तेवढाच धोका. भांडे खोल हवे आणि अर्ध्यावर भरलेले, म्हणजे हेलकाव्याने उतू जात नाही. तळण वर्ज्य, गरम तेल अंगावर आले तर वैद्य कोठून आणणार?

भात, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, सुके बोंबील, सुका जवळा, कोकम, चिंच, गूळ, नारळ हा शिधा. याची निवड चवीपेक्षा टिकाऊपणावर झालेली दिसते. भात शिजविताना गोड्या पाण्यात थोडे खारे पाणी मिसळीत. मीठही वाचे आणि पाणीही. भांडी राखेने व काथ्याने घासून समुद्राच्याच पाण्यात विसळीत. गोडे पाणी डोलकाठीच्या बुडाशी बांधलेल्या पिंपात असे. त्यावर झाकण, आणि पाणी काढण्यास करवंटीचे ओगराळे. ओगराळे लहान ठेवण्यातही हेतू होता : मोठ्या भांड्याने माणूस तहानेपेक्षा अधिक घेतो. माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर दहा माणसांना पाच दिवसांचे दीडशे लिटर होतात. पंधरा दिवस लागले तर साडेचारशे. एवढे पाणी लहान गलबतावर ठेवायचे कोठे, हा प्रश्न तांडेलाने गणित न शिकता सोडविलेला असे. तो वाटेतील गोड्या विहिरींची बंदरे तोंडपाठ ठेवी.

येथे एक नाजूक गोष्ट लिहिणे भाग आहे. एकाच पिंपातील पाणी पिणे ही त्या काळी साधी बाब नव्हती. सिंधुगमन कलिवर्ज्यात गणलेले. किनाऱ्याने जाणे हे समुद्रोल्लंघन नव्हे, अशी सोय लोकांनी काढली होती. तरी पाण्याचा प्रश्न उरेच. आपल्या घरांतून दशम्या करीत, त्या दुधात भिजवीत. पाण्याचा स्पर्श नसल्याने त्या प्रवासात चालत, शिवाय टिकत. सातूचे पीठ, पोहे, गूळ ही चुलीवाचून भागविणारी तरतूद. आमच्या घरी माळ्यावर एक अरुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची तांब्याची कळशी आहे. पणजोबांनी ती कोकणातून येताना आणली, एवढेच आजी सांगे. गाडीने आले की गलबताने, हे विचारले की ती विषय बदली. आता वाटते, त्या झाकणात आणि त्या मौनात एकच गोष्ट बंद होती.

ही अडचण केवळ गरिबांची नव्हती. ज्या रघुनाथरावाने ६ मार्च १७७५ रोजी आपल्या या सुरतेच्या नावाने ओळखला जाणारा तह इंग्रजांशी केला, त्यानेच पुढे हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील विलायतेस धाडला. सोबत मणियार हे पारशी गृहस्थ होते. १७८१ साली एडमंड बर्क या विख्यात संसदपटूने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या वाडीतील काचघर राहण्यास दिले, कारण तेथे त्यांना आपल्या आचाराप्रमाणे स्वतंत्र स्वयंपाक करता येत होता. मराठ्यांचा वकील इंग्लंडमध्ये राजकारण करावयास गेला, पण पहिली निकड पडली ती स्वतंत्र चुलीची! परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले ते वेगळेच.

आजच्या शिडाच्या नौकांकडे पाहिले, तर प्रश्न तेच आहेत, उत्तरे तेवढी बदलली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेतून नौदलाची सागरपरिक्रमा उभी राहिली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली, आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघून चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पुरी केली. परतीच्या वाटेवर त्यांच्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळले, आणि उपग्रहाशी बोलणाऱ्या त्या नाविकाला पावसाच्या पाण्याची वाट पाहावी लागली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून, तर २०२४-२५ मध्ये दिलना व रूपा या दोघींनीच त्याच नौकेतून परिक्रमा केली.

अशा नौकांवरील शेगडी दोन खिळ्यांवर झुलती टांगलेली असते. नौका कलली तरी भांडे सपाट राहते. भांड्यांना घट्ट धरणारे लोखंडी कठडे असतात. घट्ट मिटणाऱ्या झाकणामुळे प्रेशर कुकर समुद्रावर फार उपयोगी. इंधन वाचते आणि सांडतही नाही. खाऱ्याचे गोडे पाणी करणारे यंत्र मिळते; पण ते बिघडले तर म्हणून हातपंप व राखीव डबे ठेवावेच लागतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सिद्ध केलेले तयार जेवण म्हणजे दशमीचेच शास्त्रीय रूप नव्हे काय?

सर्वांत बोलका योग अलीकडचा. अजिंठ्याच्या त्याच चित्रपरंपरेतील जहाजावरून, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतला निघाले. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी ते शिवले; कारण त्यांच्या हातांत ती विद्या अजून जिवंत होती. फळ्या कशा शिवाव्यात हे चित्रावरून कळत नाही. ते सांगणारा माणूस लागतो.

मला चुलीविषयी सांगणारा माणूस आज हयात नाही. त्याने सांगितलेले मी तेव्हा लिहून ठेवले नाही; येथे जे दिले ते आठवणीतून. मगदल्ला, डुमस, रांदेरकडे आणि आपल्याच जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा वस्तू अजून असतील : झाकणाच्या कळश्या, खोल पातेली, पितळी कड्यांच्या पेट्या. वाचकांस माझी एवढीच विनंती, की त्या मोडीत देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला त्यांविषयी एकदा विचारावे, आणि जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून आपल्या मंडळाकडे पाठवावे. उत्तर टाळले गेले, तर तेही लिहावे. टाळलेले उत्तर हाही इतिहासच असतो.

माझ्या त्या पंचनाम्याची दुरुस्ती आता दफ्तरी होणे शक्य नाही. म्हणून ती येथे करतो : 'गलबतावरील चूल, मातीने लिंपलेली, कित्येक वर्षे अनेकांना जेवू घातलेली, नग १.'