घरातली धूळ, बदलती हवा आणि दमा : चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या कुटुंबांनी काय काळजी घ्यावी?

पुणे-नाशिक महामार्ग असो की तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, अवजड गाड्या आणि धूळ रोजचीच. रस्त्यालगतच्या घरात दम्याचा पेशंट असला की दारं-खिडक्या दिवसभर लावून घेतल्या जातात. पण बंद खोलीत ओल आणि धूर कोंडतो, आणि घरातली धूळ दम्याला जास्त त्रासदायक होते. म्हणून धूळ आणि ओल या दोन्हींकडे लक्ष द्यायला हवं.

दमा म्हणजे काय?
दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर किंवा गार हवा लागली की त्या आवळतात आणि चिकट कफ साठतो. मग धाप लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री किंवा पहाटे खोकला उठतो. दमा संसर्गजन्य नाही. तो औषधाने काबूत राहतो.

घरातल्या धुळीत काय असतं?
फक्त माती नाही. कातडीचे बारीक कण, गोधडीचे तंतू, झुरळांची घाण, बुरशी आणि धूळकिडे हे सगळं त्यात असतं. धूळकिडा साधारण ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. तो गादी, उशी, गोधडीत राहतो. चावत नाही, पण त्याची विष्ठा श्वासात गेली की अॅलर्जी होते. हा किडा पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. म्हणून अंथरूण कोरडं ठेवणं हा मोठा उपाय आहे.

कोणत्या ऋतूत काय त्रास?
- पावसाळा : भिंतीला ओल, बुरशी आणि धूळकिड्यांची वाढ. खोलीत ओले कपडे वाळत घातले की ओल आणखी वाढते. साठवलेला कांदा निवडताना उडणारी काळी भुकटी ही बुरशीच असते. हे काम दमा असलेल्याने टाळावं.
- पावसाळा संपताना : बांधावर गाजर गवत फुलतं. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. त्याच्या परागकणांनी शिंका आणि दमा वाढतो. दिवाळीची साफसफाई आणि फटाके यांनी त्यात भर पडते.
- हिवाळा : पहाटे गार हवा जमिनीलगत साचते, धूर-धूळ वर जात नाही. शेकोटीजवळ बसू नये.
- उन्हाळा : कोरडी माती उडते. वळवाच्या आधी वादळ सुटलं की घरात थांबावं.

घरात काय करावं?
- कोरडा झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. त्या वेळी पेशंट दुसऱ्या खोलीत असावा.
- चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्या, झटकायच्या त्या बाहेरच.
- रहदारी कमी असेल तेव्हा खिडकी उघडा. समोरासमोर दोन बाजूंनी वारा खेळला तर उत्तम.
- चुलीचा धूर टाळा. गॅस परवडत नसेल तर चूल झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा.
- मच्छर अगरबत्ती बंद करा, मच्छरदाणी लावा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात.
- कंपनीतले कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. वेल्डिंग, फाउंड्री, पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामावर त्रास होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

'पंपाची सवय लागते' हा गैरसमज
पंपातून औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे गोळीपेक्षा कमी डोस पुरतो. काही पंप लगेच आराम देतात, तर सूज कमी करणारा पंप बरं वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रोज घ्यावा लागतो. तो मनाने बंद केला की ऋतू बदलताच अटॅक येण्याचा धोका वाढतो. लगेच आराम देणारा पंप वारंवार लागत असेल तर दमा काबूत नाही असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. सूज कमी करणारा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका.

कधी थांबू नये?
एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वास घेताना आत ओढली जात असेल, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा. तोवर पेशंटला आडवं न करता बसतं ठेवा, कपडे सैल करा आणि आराम देणारा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या. वाफ किंवा घरगुती काढ्यात वेळ घालवू नका.

साधा त्रास असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. ईएसआय कार्ड असेल तर कामगारासोबत घरच्यांनाही त्या योजनेतून उपचार मिळतात. जाताना सध्याचा पंप सोबत न्या आणि तो कसा ओढता ते डॉक्टरांना करून दाखवा. चुकीच्या पद्धतीने ओढलेलं औषध तोंडातच राहतं.