धुराड्याची डागडुजी

इतिहासाच्या व्याख्यानांत आपण राजे, लढाया आणि तह यांच्याविषयी पुष्कळ ऐकतो. आज आम्ही तुमच्यासमोर घराच्या छपरावरची एक वस्तू ठेवणार आहोत : धुराडे, म्हणजे विटांची चिमणी. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने विटा-चुन्याबद्दल का बोलावे, असे कुणाच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर पुढे ओघात मिळेल. नाही मिळाले तर प्रश्नोत्तरांत आम्हांला जरूर धरा.

आपल्याकडे चिमणी म्हटले की अंगणातली चिमणी आठवते, नाहीतर रॉकेलची, नाहीतर गिरणीची. राहत्या घरावरची चिमणी आपल्या फारशी ओळखीची नाही. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आणि भिंतीतल्या झरोक्यातून निघून जायचा, आणि ऊब मिळवण्यासाठी घरात दिवसभर शेकोटी पेटती ठेवण्याची गरज नव्हती. म्हणून ही कथा थंड मुलखातली आहे, इंग्लंडमधली.

तिथेही चिमणी पहिल्यापासून नव्हती. मध्ययुगात मोठ्या दालनाच्या मधोमध आगटी असे आणि धूर छपराच्या भोकातून वाट काढी. सोळाव्या शतकात हे चित्र बदलले. १५७७ साली विल्यम हॅरिसन या एसेक्समधल्या पाद्र्याने नोंदवले आहे की, त्याच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना नवल वाटे ते अलीकडे उभ्या राहिलेल्या चिमण्यांच्या गर्दीचे. पुढे शंभर वर्षांच्या आत चूल ही कर बसवण्याजोगी गोष्ट झाली. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या काळात दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. लोकांचा त्यावर इतका राग होता की १६८९ साली तो रद्द करावा लागला.

आता बघा, घराच्या बाकीच्या भिंतींना छपराची वळचण असते. चिमणी मात्र छपराच्याही वर, चारी बाजूंनी उघडी उभी. बाहेरून पाऊस, वारा आणि हिम. आतून उष्णता, काजळी आणि कोळशाचा धूर. घरातला सर्वांत जास्त मार खाणारा भाग तोच, आणि तो उंचावर असल्यामुळे सर्वांत कमी पाहिला जाणाराही तोच.

याची किंमत एका रात्रीत दिसली. १७०३ च्या नोव्हेंबरात दक्षिण इंग्लंडवर एक महावादळ आले. एकट्या लंडनमध्ये सुमारे २००० चिमण्या कोसळल्या असे सांगतात. वेल्स गावी बिशप रिचर्ड किडर आणि त्यांची पत्नी चिमणी कोसळून ठार झाले. ॲन राणीला सेंट जेम्स राजवाड्याच्या तळघरात आसरा घ्यावा लागला. डॅनिएल डीफोने, म्हणजे पुढे 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणाऱ्या लेखकाने, लोकांकडून या रात्रीच्या हकिकती मागवल्या आणि १७०४ साली त्यांचे पुस्तक केले. गंमत म्हणजे या माणसाचा स्वतःचाच विटा-कौलांचा कारखाना होता. तो नेमका वादळाच्या आधी बुडाला, आणि वादळानंतर कौलांचे भाव कित्येक पटींनी चढले!

पण वादळ हा अपवाद. चिमणीचा खरा शत्रू रोजचा आहे, आणि तो म्हणजे पाणी. ते विटांच्या दरजांत शिरते. थंडीत गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ते आतून ढकलते. वितळते, पुन्हा शिरते, पुन्हा गोठते. दुसरे कारण धुरातले. कोळशातल्या गंधकापासून सल्फेटचे क्षार तयार होतात. दरजांत सिमेंट असेल तर ओलाव्यात हे क्षार त्याच्याशी संयोग पावतात आणि माल फुगतो. जी बाजू जास्त वेळ ओली राहते ती जास्त फुगते आणि चिमणी हळूहळू दुसऱ्या बाजूला कलते. जुन्या इंग्रजी वस्त्यांत अशा वाकलेल्या चिमण्या आजही दिसतात.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. शेकडो वर्षे या विटा चुन्यात बसवल्या जात होत्या. चुना मऊ. तो पाणी थोडे आत घेतो, पण बाहेरही सोडतो. ओल दरजेतून उडून जाते, झिजते ती दरज, आणि वीट सुरक्षित राहते. पिढी-दोन पिढ्यांनी गवंडी शिडी लावून वर चढतो, झिजलेला चुना खरवडतो आणि नवा भरतो. चिमणी पुन्हा उभी.

मग १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धानंतर साध्या घरांच्या कामांतही चुना मागे पडला. लोकांना वाटले, आता दरजा एकदाच भराव्यात, पोलादासारख्या, म्हणजे पुन्हा वर चढायला नको. झाले उलटेच. कठीण दरजेतून ओल बाहेर पडेना, ती विटेतून पडू लागली. गोठण्याचा आणि क्षारांचा मार विटेने खाल्ला. अशी भिंत पाहिली तर विटा खोल गेलेल्या दिसतात, आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारख्या पुढे उभ्या. रक्षक शाबूत राहिला, ज्याचे रक्षण करायचे ते गेले.

यात सिमेंट खलनायक आहे असे नव्हे, बरं का. कठीण विटांच्या नव्या बांधकामात ते आपल्या जागी योग्यच आहे. आणि छपरावरच्या उघड्या जागी साधा चुनाही कधीकधी कमी पडतो. त्यावर उत्तर जुनेच आहे. १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधताना जॉन स्मीटनने शोधले की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. जुन्या चिमण्यांसाठी आज असाच चुना वापरतात. नियम एकच : माल विटेपेक्षा मऊ हवा. जुनी दरज दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, हातछिन्नीने मोकळी करायची. यंत्राने कापली तर विटांच्या कडा जातात. विटा भिजवायच्या, चुना दाबून भरायचा आणि ओल्या गोणपाटाने झाकायचा. हिमाच्या दिवसांत हे काम करायचे नाही. शिवाय माथ्याचा गिलावा आणि छपराच्या सांध्यावरचा शिशाचा पत्रा दरवर्षी नजरेखालून घालायचा.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनला धुरक्याने घेरले आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. कोळशाच्या आगट्या कमी होत गेल्या. पुष्कळांनी निरुपयोगी चिमणी वरून-खालून बंद केली. आत ओल कोंडली, भिंतींवर डाग उमटले. वापरात नसलेल्या चिमणीलाही वर-खाली हवेची वाट लागते!

आता तत्त्वज्ञान. टिकाऊ म्हणजे न झिजणारे, असे आपण गृहीत धरतो. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो की रथ कुठे आहे, चाकात की आसात? टिकाऊपणाचेही तसेच आहे. तो विटेत नाही, चुन्यातही नाही. तो दोघांच्या नात्यात आहे, आणि वर चढणाऱ्या गवंड्यातही आहे. जे झिजण्यासाठीच ठेवलेले असते त्याला दुबळे समजणे ही इतिहासातली महागडी चूक आहे. १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली तिचा आग्रह हाच होता : भव्य जीर्णोद्धार नको, रोजची निगा हवी.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे हिम नाही, पण चार महिने पाऊस आणि नंतर कडक ऊन आहे; क्षार तेच काम करतात. अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या आजही दिसतात. बैल दगडी चाक फिरवायचे आणि चुना मळला जायचा. कुठे त्यात गूळ, कुठे हिरडा किंवा बेलफळ घालीत. शनिवारवाड्याच्या तटात खाली दगड आहे आणि वर वीट. अशा जुन्या विटांच्या भिंतीवर, एखाद्या वाड्याच्या असोत की मंदिराच्या आवाराच्या, आपण सिमेंट थापतो आणि 'मजबुतीकरण' झाले म्हणून निश्चिंत होतो. पाच-दहा पावसाळे गेले की पोपडे सुटतात. घाणी पुन्हा सुरू करता येईल. पण चुना कधी मुरला, किती ओला ठेवायचा, हे हाताला कळणारा गवंडी नसेल तर घाणी असून काय उपयोग?

तेव्हा आमची विनंती एवढीच. तुमच्या गावात जुनी वास्तू दुरुस्त होत असेल तर निधी किती आला हे विचाराच, पण दरजांत काय भरताय हेही विचारा. चुन्याचे काम जाणणारा म्हातारा गवंडी सापडला तर त्याच्याशी बोला, त्याचे म्हणणे लिहून ठेवा, एखादा तरुण त्याच्या हाताखाली द्या. इतिहास ग्रंथांत असतो तसा तो त्या हातांतही असतो, आणि हात ग्रंथांपेक्षा लवकर जातात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.