सक्तीचे शिक्षण : कल्पना आणि संस्था

राज्यकारभाराला वळण देतात त्या कल्पना की संस्था, हा राज्यशास्त्राच्या अभ्यासकांतील जुना वाद आहे. केवळ तर्काने तो सुटण्याजोगा नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासाकडे पाहिल्यास त्यावर काही प्रकाश पडेल, असे आम्हांस वाटते.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत हा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दंड होई. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हीच कल्पना विधेयकरूपाने मध्यवर्ती कायदेमंडळापुढे मांडली. त्यांची मागणी बडोद्याहून पुष्कळच सौम्य होती : सरकारच्या संमतीने स्थानिक संस्थांना सक्ती करण्याची मुभा असावी, एवढीच. तरीही १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कल्पना एकच, परंतु बडोद्यात राजेच्छा तिच्या पाठीशी होती, तर मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत आडवे आले.

मग संस्था हेच सर्वस्व मानावे काय? तसेही नव्हे. हरलेली कल्पना मेली नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना ती मुभा मिळाली. उलट, यशस्वी ठरलेल्या बडोद्याच्या योजनेतही एक उणीव होती. शिक्षण हे तेथे प्रजेचे कर्तव्य होते. राज्यकर्त्याविरुद्ध मागता येईल असा तो प्रजेचा हक्क नव्हता.

१९५० च्या संविधानाने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली खरी. परंतु ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयाकरवी अमलात आणता येण्याजोगे नव्हते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षणास मूलभूत हक्काचे स्थान दिले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर जवळजवळ शतक लोटले होते.

वकिली पेशामुळे आम्हांस एक सवय जडली आहे. कोणतेही उदात्त तत्त्व ऐकले की, ते मोडल्यास दाद कोणापाशी मागावयाची, असे आम्ही विचारतो. परंतु मागण्यासारखे काही आहे, हे आधी कोणीतरी सांगावे लागते. गोखल्यांनी ते काम केले, आणि म्हणूनच त्यांच्या पराभवाची नोंद राज्यशास्त्राने विजयाइतकीच काळजीपूर्वक ठेविली पाहिजे.