रेघ आणि पायवाट

नकाशा कागदावर उतरतो; परंतु त्याचा जन्म पायवाटेवर होतो. १८०२ सालीं मद्रासेजवळ त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन सुमारें अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र रानावनांतून वाहवीत उत्तरेकडे आले, आणि १८२३ च्या जानेवारींत चांदा मुलुखाच्या शेजारीं हिंगणघाट येथें निवर्तले. त्यांचे कित्येक मदतनीस मद्रासच्या मोजणीशाळेंत शिकले होते. मात्र त्यांचा हात खरा बसला तो प्रवासांत.

पुढें १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यांनीं संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें आकृति काढून दाखविली. १९८२ च्या ऑगस्टांत चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याच डिसेंबरांत ऑटोकॅड ही आरेखनाची आज्ञावली बाजारांत आली. शाई व पट्टी मागें पडत गेली; चुकलेली रेघ क्षणांत पुसतां येऊं लागली.

रानाची हद्द मात्र पडद्यावर ठरत नाहीं. २००९ सालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशी हद्द नाला, टेकडी व जुनें झाड ओळखणाऱ्यांसंगें चालल्यावांचून कळत नाहीं. आरेखकास हें शिक्षण हवेंच. कारण नकाशावर रेघ बोटभर सरकली, तर गांवाचें बांबूचें बन गांवाबाहेर जातें.